फॅटची वंशावळ

अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडचं मॉसन लेक्स हे विद्यापीठाच्या आवाराभोवती वसलेलं उपनगर. इथल्या मराठी घरात मुलीचा मॅक, वडिलांचा विंडोज लॅपटॉप आणि लग्नामुंजींच्या व्हिडिओंनी भरलेली, पुण्याहून आणलेली हार्ड डिस्क एकत्र आली की अडचण ठरलेली. मॅकवर व्हिडिओ दिसतात, पण डिस्कवर नवं काही साठवता येत नाही. डिस्क धडधाकट असते. ती एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली असते आणि मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो.

फाइल सिस्टिमांच्या या भाऊबंदकीचा मूळपुरुष फॅट. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी 1977 मध्ये ते फ्लॉपीसाठी लिहिलं. फाइलचा पुढचा तुकडा डिस्कवर कुठे आहे, एवढंच सांगणारा साधा तक्ता. साधा होता म्हणूनच पुढे कॅमेऱ्यांपासून लिनक्सपर्यंत सगळ्यांनी तो उचलला. पण 1996 च्या फॅट32 मध्येही एका फाइलला 4 जीबीची मर्यादा राहिली, आणि लग्नाचं सलग चित्रीकरण त्यात मावेना. मोठ्या फाइली पेलणारं एनटीएफएस 1993 पासून होतं, ते विंडोजचं. अ‍ॅपलने 1998 मध्ये एचएफएस प्लस आणि 2017 मध्ये एपीएफएस आणलं. विंडोजला ती दोन्ही आपणहून वाचता येत नाहीत.

2006 मध्ये मायक्रोसॉफ्टचंच, मोठ्या फाइली पेलणारं एक्सफॅट आलं आणि तांत्रिक प्रश्न मिटला. परवान्याचा उरला. अ‍ॅपलने 2010 मध्ये ते घेतलं, लिनक्सपुढे मात्र पेटंटची भिंत होती. ही भीती पोकळ नव्हती: 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या वाट दाखवणारी उपकरणं बनवणाऱ्या कंपनीवर फॅटच्याच पेटंटवरून दावा लावला. त्याच वर्षी त्या पेटंटला वळसा घालणारा बदल लिनक्ससाठी लिहिला तो अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने. विंडोज आणि युनिक्स यांच्यात फाइलींची देवाणघेवाण घडवणारं सांबाही त्यांचंच, कॅनबेरात सुरू झालेलं. अखेर ऑगस्ट 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा आराखडा खुला केला, आणि पुढच्या वर्षी सॅमसंगने लिहिलेला ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. तेरा वर्षं अडलं होतं ते परवानगीपायी, अकलेपायी नव्हे. म्हणून या वंशावळीत मला 2019 सर्वांत मोलाचं वाटतं.

तेव्हा डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. फॉरमॅट केल्यावर जुनं काही राहत नाही. एनटीएफएससारखी बदलांची नोंदवही एक्सफॅट ठेवत नाही, त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल निघाली तर फाइली बिघडू शकतात. ने-आण करायला एक्सफॅट उत्तम. आजीच्या आवाजाची एकुलती एक प्रत मात्र त्यावर ठेवू नका.