शेजाऱ्याचा धूर

आमच्या घराला लागून शेजाऱ्यांची न्हाणी होती. पहाटे पाचाला तिथे भाणाखाली चूल पेटायची. सोडणं, चुडतं, पावसाळ्यात ओली लाकडं, जे हाताला लागेल ते जळायचं. धूर भिंतीतल्या भोकातून बाहेर पडायचा आणि थेट आईच्या अबोलीवर येऊन बसायचा. अबोलीची पानं काळवंडायची, वाळत घातलेल्या लुगड्यांना वास यायचा. आई वर्षभर गप्प राहिली. भांडण काढावं तर गणेशचतुर्थीला माटोळीचं सामान एकमेकांकडूनच आणायचं असतं! शेवटी एकदा तिने गडग्यावरून हाक मारलीच, "वैनी, तुमच्या न्हाणीचा धूर आमच्या झाडांवर येतो, काय तरी करूया."

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण हे गाऱ्हाणं किती जुनं आहे ते पुष्कळ वर्षांनी इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास वाचताना कळलं, आणि गंमत वाटली.

लंडनमध्ये चौदाव्या शतकात शेजाऱ्यांची भांडणं सोडवायला एक खास न्यायसभा भरत असे. भिंत, पन्हळ, खिडकी, शौचकूप असले तंटे तिथे चालत. १३७७ साली एका जोडप्याने शेजारच्या चिलखत बनवणाऱ्या लोहारांविरुद्ध तक्रार केली. घणाच्या दणक्यांनी घर हादरतं आणि दगडी कोळशाचा धूर दिवाणखान्यात शिरतो, हे त्यांचं म्हणणं. शिवाय भट्टीचं धुराडं हवं त्यापेक्षा १२ फूट बुटकं आहे! लोहारांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. या शहरात कारागिराला कुठेही आपला धंदा करण्याची मुभा आहे, असं ते म्हणाले. आजही औद्योगिक वसाहतीचा वाद निघाला की दोन्ही बाजूंची हीच वाक्यं ऐकू येतात.

१६१० सालचा ऑल्ड्रेडचा खटला तर गोंयकाराला अगदी घरचा वाटेल. शेजाऱ्याने घराला लागून डुकरांचा गोठा बांधला. प्रतिवादी म्हणाला, माणसाने इतकं नाजूक नाक ठेवू नये. न्यायालयाने ते मानलं नाही. घराला राहण्याजोगी शुद्ध हवा हवीच. मात्र खिडकीतून दिसणारं सुंदर दृश्य अडलं तर त्यावर दावा चालणार नाही, कारण ती चैन, गरज नव्हे. चुन्याच्या भट्टीचा धूर घरात शिरून राहणं अशक्य झालं तर दाद मागता येते, हेही याच निकालात आलं.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो टिपिंगचा खटला. लँकेशायरमध्ये सेंट हेलेन्स हे कारखान्यांचं गाव. १८६० साली विल्यम टिपिंग या कापडगिरणीच्या मालकाने गावाजवळची बोल्ड हॉल ही मोठी जमीनजुमल्याची इस्टेट विकत घेतली. तिथून दीडेक मैलावर तांबं वितळवण्याचा कारखाना होता. त्याच्या वाफांनी टिपिंगची झाडं आणि कुंपणं करपू लागली. कारखानदारांचा बचाव असा, की हा सगळा मुलूखच धुराचा आहे आणि आम्ही इथे आधीपासून आहोत. ज्यूरीने टिपिंगला ३६१ पौंडांहून अधिक भरपाई दिली आणि १८६५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती कायम केली. पुढे चान्सरी न्यायालयाने कारखान्याला मनाईहुकूमही बजावला.

हा निकाल वरवर बागेचा विजय वाटतो. नीट पाहिलं तर त्यात एक बोचरी फट आहे. लॉर्ड वेस्टबरी यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं, तर जागा कुठलीही असो, दाद मिळणार. पण नुसता माणसाला त्रास झाला, तर तो कुठे राहतो ते पाहावं लागणार. कारखान्यांच्या गावात राहणाऱ्याने गावाचा धूर काही प्रमाणात सोसायचाच. म्हणजे इस्टेटीतल्या झाडाच्या पानाला जो हक्क मिळाला, तो गिरणीशेजारच्या खोलीत खोकणाऱ्या मजुराला मिळाला नाही. त्याच्याकडे झाडही नव्हतं आणि वकीलही.

त्याच्यासाठी वेगळा रस्ता लागला, तो सरकारी तपासनिसांचा. १८६३ च्या अल्कली कायद्याने सोड्याच्या कारखान्यांना आपला ९५ टक्के आम्लवायू अडवणं भाग पाडलं. पहिले तपासनीस रॉबर्ट अँगस स्मिथ. आम्लपर्जन्याला नाव दिलं ते यांनीच, १८७२ च्या पुस्तकात. उंच धुराड्याने वायू नाहीसा होत नाही, तो दूरच्या माणसाकडे जातो, हे तोवर लोकांना कळून चुकलं होतं. आपल्याकडे बंगालमध्ये १९०५ साली आणि मुंबईत १९१२ साली धुराचे कायदे झाले. त्याआधी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही, जमिनीवर येणारी हवा इतरांनी अवाजवी दूषित करू नये हा मालकाचा हक्क उदाहरणादाखल नोंदला आहे. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता, त्यामुळे हे कायदे तेव्हा आपले नव्हते.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धूरमिश्रित धुकं पसरलं आणि हजारो माणसं दगावली. १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा आला. कोळशाच्या शेगड्या हळूहळू गेल्या, गॅसचे बॉयलर आले. त्यांना उंच धुराडं लागेना. भिंतीतून एक छोटी नळी बाहेर काढली की झालं. २००५ पासून इंग्लंडमध्ये नव्या बॉयलरसाठी वाफ थंड करून तिची उष्णता परत घेणारा प्रकार साधारणपणे सक्तीचा झाला. गॅस कमी जळतो हा मोठा फायदा. पण बाहेर पडणारा वायू थंड असल्यामुळे झपकन वर जात नाही. थंडीत पांढरा ढग होऊन शेजाऱ्याच्या बागेत रेंगाळतो. मग पुन्हा तेच, "तुमची नळी आमच्या बागेकडे!" सहाशे वर्षांनी धुराडं परत बुटकं झालं.

आता आमच्या न्हाणीचं. वैनी रागावल्या नाहीत. त्यांच्या मुलाने सिमेंटची नळी छपरापर्यंत चढवली, अर्धा खर्च आम्ही दिला. अबोली पुन्हा हिरवी झाली. आई खूश.

दोन महिन्यांनी वाड्यावरची तिसऱ्या घरची म्हातारी, दम्याची, आईला म्हणाली, "हल्ली सकाळी कसला तरी धूर येतो गे." त्या घराला बाग नव्हती. आई काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून आमच्या माडाखालची सुकी चुडतं ती वेगळी रचून ठेवू लागली, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांऐवजी वैनींना देऊ लागली.