तळटीप : मंडळी आणि रूथ
जेनेट विंटरसनच्या ‘ऑरेंजेस आर नॉट द ओन्ली फ्रूट’ (१९८५) या कादंबरीत लँकेशायरमधल्या गिरणगावातली पेंटेकोस्टल मंडळी नायिकेचं एका मुलीवरचं प्रेम सैतानी बाधा ठरवते आणि ती उतरवायला बसते. म्हणून कादंबरी धर्मद्वेष्टी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. तिच्या आठ प्रकरणांना बायबलच्या पहिल्या आठ पुस्तकांचीच नावं आहेत, ‘उत्पत्ती’पासून ‘रूथ’पर्यंत. आणि रूथ कोण? सासूची साथ न सोडणारी विधवा सून! नातं वेगळं, हे मान्य; पण एका स्त्रीच्या दुसरीवरच्या निष्ठेला ग्रंथाने जागा दिली, ती नाकारली मंडळीने. गोष्ट सांगायची ओढही नायिकेला त्याच ग्रंथातून मिळाली, आईच्या तोंडून. आणि नाताळात ती परतते तीही त्याच आईकडे.