एक लॅटिन शाळा, दोन लव्हेल

१/ ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की आज भरमसाट शुल्क घेणारी खासगी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतील ‘बोस्टन लॅटिन स्कूल’ मात्र शब्दशः सार्वजनिक. नगरसभेच्या ठरावातून २३ एप्रिल १६३५ रोजी ती जन्मली. हार्वर्डच्याही एक वर्ष आधी.

२/ इंग्लंडमधून आलेल्या प्युरिटन वसाहतकारांना विद्वान धर्मोपदेशक हवे होते. सिसेरोचे लॅटिन समजणे आणि त्या भाषेत गद्य-पद्य रचता येणे, ही हार्वर्डच्या प्रवेशाची अट. साहजिकच शाळेचा अभ्यासक्रम म्हणजे मुख्यतः लॅटिन, पुढे ग्रीक.

३/ इझिकेल चीव्हर १६७० ते १७०८ अशी ३८ वर्षे मुख्याध्यापक होते. आधी विभक्ती आणि क्रियापदांची रूपे मुखोद्गत करायची. मग इसाप, ओव्हिड, सिसेरो, व्हर्जिल. शब्दरूपावली घोकणाऱ्या संस्कृतच्या विद्यार्थ्याला ही वाट ओळखीची वाटेल.

४/ अशा शिस्तीतून आज्ञाधारक प्रजाजन घडतात की बंडखोर? उत्तर एकाच घरात सापडते. जॉन लव्हेल १७३४ पासून मुख्याध्यापक. पुत्र जेम्स त्यांच्याच हाताखाली शिक्षक. पिता राजनिष्ठ. पुत्राने मात्र १७७१ मध्ये बोस्टन हत्याकांडाच्या स्मृतीनिमित्त भाषण करून ब्रिटिश सत्तेला जाहीर आव्हान दिले.

५/ १९ एप्रिल १७७५. लेक्सिंग्टन येथे युद्धाला तोंड फुटले. जॉन लव्हेल यांनी पुस्तके मिटण्याची आज्ञा दिली, तीही लॅटिनमध्येच, अशी शाळेची परंपरा सांगते. शाळा बंद झाली.

६/ बंकर हिलच्या लढाईनंतर ब्रिटिशांनी जेम्सला हेरगिरीच्या आरोपावरून अटक केली. मार्च १७७६ मध्ये ब्रिटिश सैन्याने बोस्टन सोडले, तेव्हा पितापुत्र दोघेही हॅलिफॅक्सला पोहोचले. पिता निर्वासित म्हणून, पुत्र कैदी म्हणून. पुत्र सुटून अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झाला; पित्याने १७७८ मध्ये हॅलिफॅक्स येथेच देह ठेवला.

७/ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील ५६ स्वाक्षऱ्यांपैकी पाच याच शाळेत शिकलेल्यांच्या. त्यांत फ्रँकलिनही होते, जे येथे वर्षभरही टिकले नव्हते.

८/ रोमच्या ग्रंथांत साम्राज्याचा दरारा आहे, तसाच प्रजासत्ताकाचा अभिमानही. काय उचलायचे, हे अभ्यासक्रमाने नव्हे, वाचणाऱ्याने ठरवले.

९/ अर्थात, वाचण्याची संधी कोणाला, हे नगरच ठरवत होते. ‘सार्वजनिक’ म्हणवणाऱ्या या शाळेत मुलींना प्रवेश मिळण्यास १९७२ उजाडावे लागले. लॅटिन आजही तेथे अनिवार्य आहे.