सिक्लिड माशांच्या टाकीतील वनस्पती
(मत्स्यालय वनस्पती). सिक्लिडी कुलातील बरेच मासे विणीसाठी किंवा भक्ष्यासाठी तळ उकरतात. त्यामुळे रेतीत रोवलेली रोपे उपटली जातात. गोदावरीच्या खोऱ्यात पसरलेल्या तिलापिया या सिक्लिड माशाचा नर तोंडाने वाळू उचलून बशीसारखा खोलगट खड्डा करतो. अशा माशांच्या टाकीत अनुबियास व जावा नेचा दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधतात. त्यांचे आडवे खोड रेतीत पुरल्यास कुजते. त्यांची चिवट पाने मासे सहसा खात नाहीत. व्हॅलिस्नेरिया कुंडीत लावून मुळांभोवती गोटे रचतात. बेसॉल्ट खडकातील विहिरींचे क्षारयुक्त, जड पाणी तिला मानवते. शाकाहारी तिलापियाच्या टाकीत मात्र कोवळ्या पानांची रोपे टिकत नाहीत.