खाच (दगडी बाणाग्रावरील)

दगडी बाणाग्र दांडीला आवळून बांधता यावे म्हणून त्याच्या बुडाजवळ पाडलेली चीर. ती दोन्ही कडांना असते, बुडाच्या कोपऱ्यांना असते किंवा थेट बुडातून वर जाते. बाणाच्या मागच्या टोकाला प्रत्यंचा बसते त्या चिरेलाही मराठीत खाचच म्हणतात. ती येथे अभिप्रेत नाही. खाचांचे सर्वाधिक वैविध्य उत्तर अमेरिकेत आढळते आणि हाताने बाणाग्रे घडवून शिकार करणाऱ्यांची परंपराही आज मुख्यतः तिथेच जिवंत आहे. म्हणून ही नोंद तिथल्या दगडांबद्दल आहे.

खाच सावजासाठी पाडतात असा समज होतो. प्रत्यक्षात ती बांधणीसाठी असते. दांडीच्या टोकाला उभी फट पाडून त्यात पात्याचे बूड बसवतात व पाइनची तापवलेली राळ भरतात. मग हरणाच्या पाठीतली किंवा पायातली कंडरा तोंडात चघळून मऊ करतात आणि तिचे पदर एका खाचेतून दुसरीत फुलीसारखे तिरपे नेऊन खाली दांडीभोवती गुंडाळतात. ओली कंडरा वाळताना आक्रसते आणि पाते जागच्या जागी घट्ट धरते. एकच अट असते : खाचेच्या आतल्या कडा खरबरीत दगडावर घासून बोथट केलेल्या हव्यात, नाहीतर पाते आपलीच बांधणी कापते. नवशिका नेमके हेच विसरतो.

दोन खाचांमधल्या अरुंद भागाला मान म्हणू. खाच जितकी खोल, तितकी पकड चांगली आणि मान बारीक. बाण हाडावर आपटला की पाते बहुधा मानेतच मोडते. खाचेची निवड म्हणजे पकड आणि मजबुती यांच्यातली तडजोड होय. आजच्या लाकडी दांड्या साधारण 5/16 इंच, म्हणजे आठ मिलिमीटर जाड असतात. मान तेवढी किंवा किंचित जास्त रुंद ठेवली की काम भागते.

कडेची खाच सर्वांत भरवशाची. बुडापासून थोडे वर, दोन्ही बाजूंना समोरासमोर ती पाडतात. खाली दोन कान उरतात आणि बांधणी त्यांच्या वर अडकते, त्यामुळे पाते सहसा सरकत नाही. पश्चिमेकडच्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशात इ. स. 1300 नंतर प्रचलित झालेली ‘डेझर्ट साइड-नॉच्ड’ ही छोटी बाणाग्रे याच घडणीची आहेत. पुष्कळांना बुडाच्या मध्यावरही एक खाच असते. सेंट लुइसजवळच्या कहोकिया या प्राचीन नगरातील 72 क्रमांकाच्या टेकाडात शेकडो बाणाग्रे गठ्ठ्यांनी पुरलेली सापडली. त्यांतही तीन खाचांची सुबक पाती आहेत. तीन खाचा बांधणीला लागत नाहीत, दोन पुरतात. तिसरी कारागिराची ऐट असावी, असे पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

कोपऱ्याची खाच बुडाच्या कोनातून तिरपी वर चढते. तिच्यामुळे मधे खाली रुंदावणारा देठ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना मागे वळलेले काटे सुटतात. ग्रेट बेसिनमध्येच डेझर्ट साइड-नॉच्डच्या आधी ‘रोजगेट’ नावाची अशी बाणाग्रे वापरात होती. काटे जखमेत अडकून राहतात, पण ते पातळ असल्याने घडवताना, बांधताना, कधी नुसते भात्यातही तुटतात.

बुडाची खाच हा कसबाचा कळस. टेक्सासमधली ‘अँडिस’ आणि तिच्या कुळातली ओक्लाहोमाकडची ‘काफ क्रीक’ ही सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची पाती पाहावीत. बुडातून सरळ वर गेलेल्या दोन अरुंद, खोल चिरा, मधे चौकोनी देठ आणि बाजूंना देठाइतकेच लांब काटे. ती बाणाची नव्हेत, फेकायच्या भाल्याची आहेत. शिकारीसाठी नवे पाते घडवणाऱ्याने हा प्रकार हौसेपुरता ठेवावा.

खाचेवाचूनही चालते. ईशान्येकडच्या ‘मॅडिसन’ बाणाग्रांना खाच नसते. तो साधा पातळ त्रिकोण फटीत बसवून राळेने व कंडरेने धरतात. टेक्सासच्या ‘पेर्दिझ’ला खाली निमुळता देठ असतो. घाईच्या कामाला हे प्रकार उत्तम.

खाच शेवटी पाडतात आणि घात होतो तो इथेच. पाते दोन्ही बाजूंनी पातळ करून झालेले असते. ते तळहातावरच्या चामड्यावर ठेवून शिंगाच्या अणकुचीदार टोकाने, आज पुष्कळदा तांब्याच्या खिळ्याने, कडेच्या एका बिंदूवर दाब देतात. खालच्या बाजूने अर्धचंद्राकृती बारीक कपची उडते. कड किंचित घासायची, पाते उलटायचे आणि त्याच जागी पुन्हा दाब द्यायचा. दर वेळी खाच मिलिमीटरभर आत सरकते. दाब बाहेरच्या बाजूला झुकला की कान उडतो. आत फार शिरला की टक असा आवाज येतो आणि हातात दोन तुकडे उरतात. ऑब्सिडियन हा ज्वालामुखीचा काचेसारखा दगड हव्या त्या वळणाची खाच देतो, पण ठिसूळ असतो. चर्ट हा गारगोटीच्या जातीचा दगड चिवट, भट्टीत सावकाश तापवून घेतला तर त्याचीही कपची सुरेख सुटते.

शिकारीसाठी निवड करताना कायदाही पाहावा लागतो. आयडाहो राज्यात काटेरी पात्याला बंदी आहे आणि पात्याची मागची कड दांडीशी 90 अंशांहून लहान कोन करत असेल तर ते काटेरी ठरते. म्हणजे कोपऱ्याची आणि बुडाची खाच तिथे जवळजवळ बादच झाली. पात्याची किमान रुंदी 7/8 इंच, सुमारे 22 मिलिमीटर हवी, असा दंडक अनेक राज्यांत आहे. कोलोराडोत धार पोलादाचीच लागते, तेव्हा दगडाचा प्रश्नच मिटतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीलाच बंदी आहे. महाराष्ट्रात खाचेच्या बाणाग्रांची परंपराही नाही. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत सापडतात ती गारगोटीच्या जातीच्या दगडाची सूक्ष्मास्त्रे. असे बारीक तुकडे लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकाने बसवत, त्यामुळे खाचेची गरजच पडत नसे.

खाचेवरून पात्याचा काळ व वापर ओळखण्याची पुरातत्त्वज्ञांची रीत जुनी आहे. डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी 1978 मध्ये संग्रहालयांतील दांडीसकट टिकलेले 132 बाण व 10 भाले मोजून दोहोंच्या पात्यांतला फरक आकड्यांत मांडला. मात्र जेफ्री फ्लेनिकन आणि अ‍ॅनन रेमंड यांनी 1986 मध्ये खाचेवरून केलेल्या वर्गीकरणाला हादरा दिला. ‘एल्को’ या कोपऱ्यात खाच असलेल्या प्रकाराची 30 पाती त्यांनी घडवली, भाल्यांना बांधून फेकली आणि मोडलेली पुन्हा घडवून वापरात आणली. दुरुस्तीनंतर त्यांतली बरीच पाती रूढ वर्गीकरणात वेगळ्याच प्रकारात जाऊन पडली. मोडक्या पात्याला नवी खाच पाडणारा शिकारी हातचा दगड वाया घालवत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

खाच माणसाचा माग कसा सांगते याचे उदाहरण इशीचे. ‘याही’ नावाच्या जमातीचा हा शेवटचा माणूस 1911 मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी एकटा प्रकटला आणि 1916 मध्ये क्षयाने वारला. मधली वर्षे तो सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. तिथे तो ऑब्सिडियनची आणि फुटक्या बाटल्यांच्या काचेची लांबट, कडेला खाच असलेली पाती घडवी. डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पुढे पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनी ही पाती याहींच्या जुन्या वस्त्यांतील पात्यांशी ताडून पाहिली. ती जुळेनात, शेजारच्या विंटू व नोमलाकी लोकांच्या पात्यांशी मात्र जुळली. इशी ही कला शेजाऱ्यांमध्ये, कदाचित त्या रक्ताच्या नातलगांकडून शिकला असावा, असा तर्क शॅकलींनी त्यावरून केला.