स्मृतिप्रासाद

लक्षात ठेवावयाच्या गोष्टींची चित्रे कल्पनेने एखाद्या वास्तूत क्रमवार मांडून, पुढे त्या वास्तूतून मनाने फिरत त्या आठवण्याची युक्ती. तिचा उगम ग्रीक व रोमन वक्तृत्वशास्त्रात असून, आभासी वास्तवाच्या तंत्रामुळे अशी वास्तू हाताने रेखाटून तीत वावरणे आता शक्य झाले आहे.

या युक्तीचे जनकत्व ग्रीक कवी सायमनिडीझ (इ. स. पू. सु. ५५६–४६८) याच्याकडे दिले जाते. मेजवानीच्या दालनाचे छत कोसळून चिरडलेले मृतदेह त्याने, कोण कोठे बसला होता हे आठवून, ओळखून दिले, अशी आख्यायिका सिसरोने सांगितली आहे. नियमांचा सर्वांत जुना उपलब्ध तपशील मात्र रेतोरिका आद हेरेन्नियुम (इ. स. पू. सु. ८५) या अज्ञातकर्तृक लॅटिन ग्रंथात आढळतो. स्थाने निर्जन असावीत, कारण वर्दळीने ठसे पुसट होतात, ती फार उजळ वा फार अंधारी नसावीत, दोहोंत सु. ३० फुटांचे अंतर असावे; दर पाचव्या स्थानी सोन्याचा हात यांसारखी खूण असावी. चित्रे रक्ताने माखलेली, हास्यास्पद वा अतिशय देखणी असावीत. शिक्षकाने तयार चित्रे पुरवू नयेत, ज्याची त्याने घडवावीत, असाही लेखकाचा आग्रह आहे. या विद्येचे मर्म त्यातच आहे, असे म्हणता येईल. क्विंटिलियनला ती फारशी मानवली नाही. शब्दाशब्दाला चित्र जोडल्यास स्मृतीवर दुहेरी भार पडतो, हा त्याचा आक्षेप रास्तच होता. (वैदिक पठनपरंपरेने वास्तूऐवजी ध्वनीचा आधार घेतला, क्रम, जटा, घन हे पाठ त्याचेच प्रकार होत.)

मुद्रणकलेबरोबर मनातील वास्तू कागदावर उतरली. डोमिनिकन भिक्षू योहानेस रोंबेर्ख याच्या १५२० मधील ग्रंथात मठ, प्रांगण व ग्रंथालय यांची काष्ठमुद्रित चित्रे आहेत. जूल्यो कामील्लो याने तर लाकडी ‘स्मृतिरंगभूमी’च उभारली. तीत प्रेक्षक रंगमंचावर उभा राही आणि सात पायऱ्या व सात मार्ग यांवरील चित्रे त्याच्यासमोर असत. १५३२ मध्ये ती व्हेनिसमध्ये पाहिल्याचे व्हिग्लियुसने इरॅस्मसला कळविले होते. जेझुइट धर्मप्रचारक मात्तेओ रीत्ची याने १५९६ मध्ये ही विद्या चिनी भाषेत मांडली. ‘युद्ध’ या अर्थाच्या ‘वू’ अक्षराचे ‘भाला’ व ‘थांबणे’ असे दोन घटक पाडून, भाला उगारणारा योद्धा व त्याचे मनगट धरणारा दुसरा योद्धा असे चित्र त्याने दालनाच्या कोपऱ्यात बसविले. नियम खरे असले, तरी ते वापरावयास मुळातच उत्तम स्मरणशक्ती हवी, असा मार्मिक अभिप्राय तेथील प्रांताधिपतीच्या मुलाने दिला.

सोव्हिएट मानसशास्त्रज्ञ अ. र. लूरिया याने १९६८ च्या पुस्तकात वर्णिलेला शेरेशेव्हस्की आपली चित्रे मॉस्कोच्या गॉर्की मार्गावर मांडीत असे. पांढऱ्या भिंतीपाशी ठेवलेले अंडे त्याच्या नजरेतून सुटले; पुढे तो अंधाऱ्या जागी दिवा कल्पू लागला. प्राचीन ग्रंथातील प्रकाशाच्या नियमाची ही नकळत मिळालेली पुष्टीच होय.

संगणकीय वास्तूंचे प्रयोग अलीकडचे आहेत. कॅनडातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले, की काही मिनिटे पाहिलेली आभासी वास्तूही स्वतःच्या परिचित घराइतकीच उपयुक्त ठरते. मेरिलंड विद्यापीठातील ४० व्यक्तींवरील प्रयोगात शिरोधारित पडद्याने स्मरणाची अचूकता साध्या संगणकाच्या तुलनेत ८·८ टक्क्यांनी अधिक आढळली (२०१९). मात्र मेरिलंडच्या प्रयोगात वास्तू व चित्रे दोन्ही तयारच दिलेली होती. २०१६ मध्ये ‘टिल्ट ब्रश’ व ‘क्विल’ ही साधने उपलब्ध झाल्यावर हातातील नियंत्रकाने अवकाशात रेघ ओढून तिच्याभोवती फिरता येऊ लागले, आणि वास्तू व चित्रे ज्याची त्याने घडविण्याची जुनी अट पाळण्याची सोय झाली. अशा रेखाटनात भिंतींचा पोत वा सावल्यांचा तपशील हुबेहूब असण्याची गरज नसते. स्थाने एकमेकांपासून वेगळी ओळखू यावीत व फिरण्याचा मार्ग एकच असावा, एवढे पुरते.