दचकलेल्या अंगाची कुळकथा

मराठीत भीतीला अवयव आहेत. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, दातखीळ बसते, हातपाय गळतात, आणि संकट टळलं की जीव भांड्यात पडतो. हा शेवटचा टप्पा काहींच्या बाबतीत येतच नाही. अपघातातून, युद्धातून, छळातून माणूस जिवंत बाहेर येतो, पण खांदे कानांकडे ओढलेले, जबडा आवळलेला, श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळणारा, असा तो वर्षानुवर्षं राहतो. मग मान धरते, पाठ दुखते, झोप उडते. अशा अंगावर फिजिओथेरपिस्टने काम करावं, ही कल्पना अलीकडच्या 'वेलनेस'च्या बाजारातली आहे असं अनेकांना वाटतं. तिचा वंशवृक्ष तपासला तर तसं दिसत नाही. मनाच्या पुस्तकांतून ती शरीराकडे आली असंही पूर्णपणे म्हणता येत नाही. हाडा-स्नायूंचं काम करणाऱ्यांच्या हाताला जे लागलं, त्यातून ती बरीचशी उभी राहिली.

'ट्रॉमा' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ जखम. तो सर्जनांचा शब्द होता आणि मनाच्या दुखण्याला तो लागला तो रेल्वेमुळे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आगगाड्यांचे अपघात वाढले, आणि अंगावर ओरखडाही नसलेली माणसं पुढे पाठदुखी, थरथर, निद्रानाश घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागली. लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी 1866 साली या रुग्णांवर पुस्तक लिहिलं आणि दोष पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्याला दिला. 'रेल्वे स्पाइन' हे नाव त्यातूनच रूढ झालं. 1883 साली हर्बर्ट पेज यांनी उत्तर दिलं: कणा शाबूत आहे, हा सगळा भीतीचा परिणाम. पेज हे एका रेल्वे कंपनीचे सर्जन होते, हे इथे विसरायचं नाही. भरपाईचे दावे कोर्टात चालू होते आणि निदानाला पैशांत किंमत होती. चार्ल्स डिकन्स 1865 च्या स्टेपलहर्स्टच्या अपघातातून बचावले. पुढे गाडीला जरासा हिसका बसला तरी ते दोन्ही हातांनी आसन घट्ट आवळून धरत, अशी आठवण त्यांच्या मुलाने नोंदवली आहे. त्या आवळलेल्या मुठी शरीराच्या की मनाच्या? हा वाद वकिलांना फार उपयोगी पडला, रुग्णाला मुळीच नाही.

पहिल्या महायुद्धात तोच प्रश्न हजारोंच्या संख्येने परत आला. फेब्रुवारी 1915 च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' हा शब्द छापला. वाचा गेलेले, पाय वाकडे झालेले, अंग सतत थरथरणारे सैनिक इस्पितळांत भरले. फिजिओथेरपीची आजची व्यवसाय म्हणून ओळख याच युद्धात पक्की झाली. लंडनमध्ये 1894 साली काही परिचारिकांनी मालिशच्या व्यवसायाला शिस्त लावण्यासाठी संस्था काढली होती. युद्धकाळात प्रशिक्षित मालिशकार स्त्रिया लष्करी रुग्णालयांत रुजू झाल्या. पण याच काळात शरीरावाटे मनावर उपचार करण्याची दुसरी, काळी शाखाही फुटली. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात डॉक्टर लुईस येलँड यांनी नऊ महिने मुका असलेल्या एका सैनिकाला खोलीत कोंडून, बोलेपर्यंत बाहेर जायचं नाही असं बजावून, त्याच्या घशाला विजेचे झटके दिले. तो बोलला. 1918 च्या आपल्या पुस्तकात येलँड यांनी ही हकीकत यशोगाथा म्हणूनच सांगितली आहे. लक्षण गेलं म्हणजे उपचार झाला असं मानायचं असेल, तर पोलीस कोठडीत मिळालेल्या कबुलीजबाबालाही न्याय म्हणावं लागेल.

या कुळातलं खरं वळण येतं ते ऑस्लोत, 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात. ओडेल ब्यूलो-हान्सेन या फिजिओथेरपिस्ट. हाडांच्या आणि स्नायूंच्या रुग्णांवर त्यांचा हात बसलेला. त्रिग्वे ब्रोटॉय हे उल्लेवोल रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ. दोघांनी मिळून जी पद्धत घडवली ती आज 'नॉर्वेजियन सायकोमोटर फिजिओथेरपी' म्हणून ओळखली जाते. तिची किल्ली श्वास. आखडलेला स्नायू ताणला की श्वास आपोआप खोल येऊ पाहतो, आणि श्वास दाबून धरलेला माणूस स्नायू सैल सोडू शकत नाही. म्हणून दुखऱ्या मानेवर तुटून पडण्याऐवजी काम बहुधा पायांपासून सुरू होतं. तळवा जमिनीवर टेकतो का, गुडघे मागे ताठ ढकललेले आहेत का, पोट आत ओढलेलं आहे का, हे आधी बघायचं. पोटरी दाबताना उपचार करणारीची नजर रुग्णाच्या छातीवर आणि चेहऱ्यावर असते. श्वास अडला की हात थांबला पाहिजे. मोठी जांभई आली, अंगाला आळोखेपिळोखे सुटले, तर काम मार्गी लागलं. आपण जांभईला कंटाळ्याचं लक्षण मानतो. इथे ती प्रगतीची खूण.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. ब्रोटॉय यांच्यावर मनोविश्लेषक विल्हेम राइखचा प्रभाव होता. राइख 1934 ते 1939 नॉर्वेत राहिला, स्नायूंचं 'चिलखत' ही कल्पना त्याची; पुढे तो वैश्विक ऊर्जेच्या पेट्या विकू लागला आणि 1957 साली अमेरिकेच्या तुरुंगात मेला. पण आजोबा भरकटले म्हणून नातवंडाची पत्रिका फाडता येत नाही. ब्यूलो-हान्सेन यांचं निरीक्षण श्वास आणि स्नायू यांचं आहे. त्याला त्या पेट्यांची गरज नाही. दुसरा आक्षेप पुराव्याचा, आणि तो मला मान्य आहे. 1980 साली अमेरिकी मनोविकारशास्त्राने पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) हे निदान स्वीकारल्यानंतर जे संशोधन झालं, त्यात आघातावरच लक्ष केंद्रित करणाऱ्या मानसोपचारांची बाजू सर्वांत भक्कम ठरली आहे. फिजिओथेरपीचे अभ्यास त्या मानाने थोडे आणि लहान. म्हणून तिने आठवणी बऱ्या करण्याची फुशारकी मारू नये. दुखणं, श्वास, झोप, चालणं एवढं तिचं क्षेत्र. पण ज्याला बसवतच नाही, त्याने समुपदेशकासमोर तासभर बसून बोलावं कसं?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: ज्याला हातांनीच छळलं, त्याला पुन्हा हात लावायचा? याचं उत्तर कोपनहेगनने कामातून दिलं. डॉक्टर इंगे गेनेफके यांच्या पुढाकाराने 1982 साली तिथे छळ सोसलेल्यांसाठी केंद्र सुरू झालं आणि फिजिओथेरपी त्याच्या उपचारांचा भाग होती. तळव्यांवर दांडके मारण्याचा छळ जगभर चालतो, आपल्याकडच्या कोठड्यांनाही तो नवा नाही. त्यात टाचेखालची चरबीची गादी चिरडते, आणि पुढे प्रत्येक पाऊल दुखतं. हे दुखणं 'मनाचं' म्हणून उडवून लावणं हा दुसरा छळ. त्याला योग्य बूट, पायाचे व्यायाम आणि सावकाश दिलेला स्पर्श लागतो. या कामातले नियम साधे आहेत: हात लावण्याआधी विचारायचं, काय करणार ते सांगायचं, दार कुठे आहे ते रुग्णाला दिसू द्यायचं, आणि ज्याला विजेचे झटके दिले गेले त्याच्याजवळ विजेचं यंत्र आणायचं नाही. येलँडच्या बंद खोलीचं हे नेमकं उलटं टोक.

आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती वेगळ्या दाराने. मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. म्हणून आजही 'फिजिओ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लुळा पाय, लकवा आणि गुडघे येतात. दचकलेलं अंग येत नाही. ती शाळा सुरू झाली 1953 साली. त्याच वर्षी ऑस्लोत ब्रोटॉय वारले, आणि ब्यूलो-हान्सेन यांनी ती पद्धत पुढची अनेक वर्षं फिजिओथेरपिस्टांना शिकवली.